कोणाचाच नसलेला नंदी

रूपराव काकाजी दुकानाची पायरी चढताना दिसले की आमचे मामाजी गल्ल्यावरून उठतात आणि "सूनबाई, जरा पाह्यजो," म्हणून आत चहाला निघून जातात. लग्न होऊन मी आंजीत आले तेव्हापासून हे असंच चाललंय. मोठ्या रस्त्याला लागून आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. मामाजी, म्हणजे माझे सासरे प्रभाकरराव, मोजकंच बोलणारा माणूस. रूपराव काकाजी पाव लिटर पांढरा ऑइल पेंट घ्यायला येणार आणि आपल्यासारखा कारागीर अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कसा नाही, हे निवांत बसून सांगणार. ते ऐकायची ड्यूटी माझी. खोटं कशाला बोलू, मला ती आवडते. कोणाच्या डोक्यात काय शिजतंय हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. माझी आई याला नाक खुपसणं म्हणायची.

काकाजी तसे शेतकरी. वखर आणि डवरे, म्हणजे पिकाच्या ओळींतून बैलांनी ओढायचे कोळपे, दुरुस्त करता करता वाकस-पटाशीवर हात बसला आणि मग ते लाकडाचे नंदी करायला लागले. पोळा खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, तो पोरांचा. चाकं लावलेले लाकडी नंदी सजवून पोरं मारुतीपुढच्या पटांगणात आणतात, रांग लागते, पूजा होते, मग घरोघरी जाऊन खाऊ आणि नाणी मागतात, त्याला बोजारा म्हणायचं. सगळ्यात शेवटी मोठ्यांनी केलेले मोठे नंदी येतात. त्यात काकाजींचा एक असतोच, चांगला वासराएवढा.

त्यांच्या नंदीची गंमत अशी की तो ओळखू येतो. बाकीच्यांचे नंदी म्हणजे नुसता बैल. चार पाय, दोन शिंगं, वर झूल. काकाजींचा नंदी हा कोणाचा तरी बैल असतो. गावात नत्थूजी म्हणून एक म्हातारे आहेत. बैलांचे सौदे जुळवण्यात त्यांची हयात गेली. माणसांची नावं विसरतात, पण बैल विसरत नाहीत. दरवर्षी ते काकाजींच्या नंदीभोवती एक फेरी मारतात, शिंगाला हात लावतात आणि सांगतात, "हा तं बाबारावचा लाल्या. वशिंड पाह्यना, कसं डावीकडं झुकेल हाय." लोक टाळ्या वाजवतात. आणि काकाजींचं तोंड उतरतं.

ते का उतरतं, हे मला फार दिवस कळत नव्हतं. एवढं हुबेहूब केलं, लोकांनी ओळखलं, आणखी काय हवं माणसाला? एकदा मी सरळ विचारलं. तेव्हा त्यांनी वर्ध्याची गोष्ट सांगितली.

वर्ध्याला मागे हातकामाच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. काकाजी दोन नंदी घेऊन एसटीने गेले. नंदी सीटवर ठेवायचे की टपावर, यावरून कंडक्टरशी भांडून झालं. तिथे एक झब्बेवाले गृहस्थ आले, नंदीच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "बैल समोर ठेवून करता का हे?" काकाजी छाती काढून म्हणाले, "पाह्यल्याबिगर आपला हातच नाई चालत." गृहस्थ म्हणाले, "अच्छा, म्हणजे कॉपी," आणि पुढच्या स्टॉलवरच्या बांबूच्या दिव्यांकडे गेले. झालं. शिवी दिली असती तर काकाजींनी ती व्याजासकट परत केली असती. या शब्दाचं काय करावं ते त्यांना कळेना.

"सूनबाई, कल्पना म्हंजे काय असते हो?" यंदा चैत्रात त्यांनी मला विचारलं. मी टर्पेंटाइन मोजत होते.

"मला काय विचारता? मी रंग विकते."

"तुमी शिकल्या-सवरल्या. मनातून करनं म्हंजे कसं करनं? डोये मिटाचे अन बसाचं?"

मी त्यांना गिऱ्हाइकांचं सांगितलं. बायका येतात, खोलीला रंग हवा असतो. शेड कार्ड पुढे केलं की म्हणतात, यातला नको, माझ्या मनात एक हिरवा आहे. मग मी दोन-तीन डबे मिसळून दाखवते. हा नाही, तो नाही, थोडा पिवळा टाका. शेवटी एक हिरवा पसंत पडतो आणि दारातून जाता जाता बाई म्हणते, अगदी आमच्या मामाच्या घरी होता तसा झाला. मनातला म्हणून मागितलेला रंग कोणाच्या तरी भिंतीवरून आलेला मी अनेकदा पाहिला आहे.

"थे रंगाचं झालं," काकाजी म्हणाले. "लाकडाचं येगयं हाय." आणि त्यांनी तिथेच जाहीर केलं की यंदाचा नंदी पूर्ण मनातून होणार. कोणाचाच नसलेला नंदी. नत्थूजीने कितीही फेऱ्या मारल्या तरी त्याला तो ओळखता येणार नाही. "आला जर ओयखू, तं पटाशी वाकस नदीत टाकतो." मामाजींनी आतून खाकरून दाखवलं, म्हणजे पुरे झालं. पण काकाजी थट्टा करत नव्हते. सगळं आयुष्य ज्याच्यावर मिरवलं ते नुसती नक्कल होतं का, एवढंच त्यांना आता मरायच्या आधी कळून घ्यायचं होतं. ते म्हणालेही तसं.

आता यात अवघड काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. त्यासाठी त्यांची रीत सांगायला हवी. काकाजी आधी बैलाकडे जातात. ज्याचा नंदी करायचा त्याच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, जाऊन डोळे मिटून त्याच्या अंगावरून हात फिरवतात. मान, खांदा, फऱ्या, पुठ्ठा, सगळं तळव्याने वाचतात. त्यांचा खरा दिवस खांदशेकणीचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा जुवाने घट्टे पडलेला खांदा तूप-हळदीने शेकायचा, पळसाच्या पानाने चोळायचा आणि कानात आवतण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." काकाजींनी स्वतःची जोडी विकून टाकली, आता ते ट्रॅक्टर भाड्याने आणतात. पण खांदशेकणीला ते ज्यांच्याकडे बैल उरलेत त्यांच्या घरोघरी जाऊन स्वतःच्या हाताने खांदे शेकतात. लोकांना वाटतं, म्हातारा मायाळू. मायाळू आहेतच, पण तो त्यांचा अभ्यासही असतो.

तर यंदा त्यांनी बैल बघणंच सोडलं. समोरून बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की छत्री आडवी धरायचे. ऊन नाही, पाऊस नाही, आणि हा माणूस रस्त्याच्या कडेला छत्रीआड उभा. नत्थूजींनी एकदा भर चौकात विचारलं, "काऊन गा रूपराव, आमचे बैल का तुहे सासरे लागते? पदर घेऊन राह्यला थो." सगळा चौक हसला. काकाजी छत्रीतूनच म्हणाले, "हास ना. तान्ह्या पोयाले हासजो."

घरामागच्या टिनाच्या शेडला त्यांनी आतून कडी लावून घेतली. बांधावरच्या शिवणीचा एक जाड ओंडका आत होता. कोणालाही आत यायची परवानगी नव्हती, बायकोलाही नाही. त्यांची बायको म्हणजे जयवंता काकू. हाडापेराने मोठी बाई, हसली की दोन घरं पलीकडे ऐकू जातं. मुलगा कैलास नागपूरला नोकरीला, त्यामुळे शेताचं सगळं त्याच पाहतात. बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानात टेकल्या की नवऱ्याच्या नकला करून दाखवतात.

"म्हातारा बायतीन झाला जसा," त्या म्हणाल्या. "भाकर दाराबाहीर ठेवा लागते. कोनी डोकावलं का कपडा टाकते त्याच्यावर. मी म्हतलं, बाप्पा, नजर लागन का तुह्या लेकराले?"

"तुम्हाला पाहावंसं नाही वाटत?"

"पाहाचं काय त्यात? बैल तं राहीन." आणि त्या निंदणाला बायका मिळत नाहीत या विषयावर गेल्या.

मला मात्र पाहावंसं वाटत होतं, इतकं की रात्री भाजी करपवली. माणूस काहीही न बघता काय करू शकतो? निव्वळ मनातून काय निघतं? मला काही कलेतलं कळत नाही, पण हा प्रश्न कलेचा आहे असंही मला वाटत नव्हतं. पोळा दोन आठवड्यांवर आला तेव्हा मी प्रायमरचा डबा आणि लाकडाच्या भेगा भरायच्या लांबीची पिशवी घेऊन त्यांच्या शेडपाशी गेले, जणू त्यांनीच मागवलं होतं. वाटलं, हाकलून देतील. पण त्यांनी कडी काढली, इकडे तिकडे पाहिलं आणि मला आत घेतलं. त्यांना कोणीतरी हवंच होतं.

"सूनबाई, कोनत्याच बैलाचा नसन असा रंग सांगा," ते म्हणाले. "पांढरा म्हनावं तं बाबारावचा. तांबडा म्हनावं तं लाल्या. काया केला तं आर्वीच्या बाजारातला कोनी ना कोनी निघतेच."

नंदीवर धोतर टाकलेलं होतं. ते त्यांनी काढलं.

मी मागच्या बाजूला उभी होते, म्हणून आधी तो मागून पाहिला, आणि नकळत बाजूला सरकले. वाटलं, आता पाऊल टाकेल. डावा खांदा खाली आणि पुढे रेटलेला, सगळा भार त्याच्यावर. कंबर जराशी तिरकी. मागचा एक पाय ढेकळात रुतल्यासारखा. आणि मान सरळ नव्हती. नंदी नेहमी समोर बघतो, छाती काढून; हा उजवीकडे तोंड वळवून उभा होता, हनुवटी खांद्यात लपवल्यासारखी.

पुढे जाऊन पाहिलं, तर तोंडच झालेलं नव्हतं. नुसता ओबडधोबड ठोकळा.

"तोंड नाई येऊन राह्यलं," काकाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात बढाई नव्हती, आणि त्यामुळेच मला काळजी वाटली. "सूनबाई, पह्यलं तं काहीच नाई आलं. ओंडक्यापुढं बसून राहो. मले वाटे, मन म्हंजे मोकयं वावर असन, जे पेरलं थे येईन. पर थे तं कोठा हाय. अंधारात हात घातला का कोनतं ना कोनतं जनावर लागतेच. लाल्या लागे, बाबारावचा पांढऱ्या लागे. मी म्हनो, तू नाई, सरक. तू बी नाई, सरक. असे समदे हाकलले. मंग एक दिस हात आपोआप चालला. मी नेहमी कपायापासून धरतो. यानं पाठीपासून धरलं."

"आणि ही मान अशी का?"

"आली तशी."

"बैल असा चालतो का जुवात?"

"नाई चालत. तेच तं." ते एकदम खुलले. "तेच तं, सूनबाई! कोनताच बैल असा नाई चालत. म्हंजे हा पाह्यलेला नोहे. म्हंजे मनातलाच झाला का नाई?"

मला पटलं. एक गोष्ट मात्र खटकली, ती मी बोलून टाकली. मी म्हटलं, काकाजी, तुमचे सगळेच नंदी मागून जास्त जिवंत असतात, यंदाचा तर फारच. ते मग म्हणाले, "आमी बैल मागूनच पाह्यतो ना. वखर धरा, डवरा धरा, बंडीवर बसा, जनमभर त्याची पाठच पुढं. तोंड तं चारा टाकतानी दिसते."

रंगाचं मी त्यांना सांगितलं की रंगूच नका. नुसतं जवसाचं तेल पाजा लाकडाला. एवढी मोठी विक्री मी माझ्या हाताने घालवली हे मामाजींना अजून माहीत नाही. तोंडही त्यांनी शेवटी तसंच अर्धवट ठेवलं; वळलेलं असल्यामुळे ते फारसं दिसतही नव्हतं. खांदशेकणीच्या संध्याकाळी ते कोणाकडेही गेले नाहीत. शेवटच्या दिवसांत एखाद्या बैलाला हात लागला आणि तो नंदीत शिरला तर काय घ्या! लोकांनी वाट पाहिली. बाबारावांनी तर तुपाची वाटी बराच वेळ झाकून ठेवली होती म्हणे.

तान्ह्या पोळ्याला पटांगण भरलं. पोरांचे नंदी झाले, लहान्यांची रडारड झाली, एकाच्या नंदीचं चाक निघालं. मग मोठे नंदी आले. माइकवर मंडळाचा प्रफुल्ल होता. प्रत्येक नंदी आला की तो विचारतो, "बोला, हा कोनाचा?" आणि करणारा आपलं नाव सांगतो. काकाजींच्या नंदीचं मात्र गावाने सांगायचं, हा रिवाज पडून गेलेला. काकाजी नवं धोतर नेसून आले होते. नंदी ढकलगाडीवर, तेल पिऊन मधाच्या रंगाचा झालेला. ना झूल, ना बेगड, ना शिंगांना गेरू. लोकांत कुजबुज सुरू झाली. मान अशी काऊन? तोंड कुठं हाय?

"बोला, हा कोनाचा?" प्रफुल्ल म्हणाला.

नत्थूजी काठी टेकत पुढे आले. शिंगांना हात लावला. खूर पाहिले. मग मागे गेले आणि तिथेच थांबले. माझा जीव टांगणीला लागला होता.  नत्थूजी इतका वेळ कधीच घेत नाहीत. शेवटी ते बाजूला झाले आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "नाई बा. हा म्या पाह्यला नाई."

काकाजींनी दोन्ही हात वर केले. प्रफुल्लने माइकवर ओरडून सांगितलं, "रूपरावजींचा नंदी, कोनाचाच नाई!" ढोल वाजला. काकाजी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "पाह्यलं सूनबाई? कॉपी म्हने." त्यांचे डोळे भरून आले होते. मला आनंद झाला, आणि थोडा हिरमोडही झाला. म्हणजे मनातून खरंच येतं तर, मी म्हटलं, आणि माझा हिरव्या रंगाचा सिद्धांत मनातल्या मनात मोडीत काढला.

जयवंता काकू उशिरा आल्या. पोळ्याची भांडी आवरून, हात पुसत. गर्दी नंदीच्या पुढे होती म्हणून त्या मागून आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनीही तो आधी मागूनच पाहिला. काहीतरी थट्टा करतील म्हणून मी वाट पाहत होते. त्या पुढे झाल्या, नंदीच्या त्या दबलेल्या खांद्यावर तळवा ठेवला, मग त्यांचा हात वळलेल्या मानेवरून गेला.

"सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "हे तं मी हाव."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"कैलास लहान होता, तवाची गोठ," त्या सांगू लागल्या. "ऐन डवऱ्याच्या दिसात जोडीतला एक बैल सापाचं पान लागून मेला. उघाड पडली होती, समद्याईचेच डवरे चालू, कोन कोनाले बैल देईन? गवत तं पऱ्हाटीच्या वर चाललं होतं. मंग दुसऱ्या अंगाले मीच जू घेतलं. यायनं मागून डवरा धरला." त्यांनी रस्त्याच्या दिशेने हात केला. "आमचं वावर रस्त्यालेच लागून. येनारे-जानारे पाह्यत. कोनी ओयखू नये म्हनून रस्ता ज्या अंगाले, त्याच्या उलट्या अंगाले मी तोंड फिरवून चालो."

काकाजी जवळच होते. त्यांनी ऐकलं. "काहीच्या काही नको बोलू," ते म्हणाले. "हा मनातून केला म्या."

"मंग मी कुठं होती?" काकूंनी विचारलं. रागाने नाही, खरोखर विचारावं तसं.

 काकाजी चालत नंदीच्या मागे गेले. डवरा धरणारा जिथे असतो, तेवढ्या अंतरावर उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांची नजर आधी खांद्यावर गेली, मग कमरेवर, मग त्या रुतलेल्या पायावर, आणि मग त्यांचा चेहरा असा झाला की मी नजर काढून घेतली. ते खरंच विसरले होते. मला त्यांचा भयंकर राग आला. बायकोच्या खांद्यावर जू ठेवलं आणि विसरला हा माणूस! आणि विसरूनही हात सगळं जपून बसला होता, खांदा किती खाली गेला होता तेसुद्धा. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा राहतात, ते मला अजून कळलेलं नाही.

प्रफुल्लने पुढचा नंदी बोलावला होता. काकाजी त्याच्यापाशी गेले आणि माइक मागितला. मला वाटलं आता भाषण ठोकणार.

"मघाशी सांगतलं का हा नंदी कोनाचाच नाई," ते म्हणाले. "थे खोटं हाय. हे जयवंता हाय."

काकूंचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. एरवी 'अवं' किंवा 'कैलासची माय'. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं.

"हास बापा," काकाजी म्हणाले. "एक बैल मेला, त्या साली हिच्या खांद्यावर जू देल्लं म्या. मागून डवरा धरला. त्या खांदशेकणीले म्या बैलाचा खांदा शेकला. तूप उरलं, तं वाटी हिच्या हातात देल्ली. म्हतलं, तुहा तू लाव."  एवढा बोलका माणूस, पुढे त्यांना काही सापडेना. "एवढंच सांगाचं होतं," म्हणाले आणि माइक परत दिला. हसणारा गप्प झाला होता. प्रफुल्लने ढोलवाल्यांना हातानेच थांबवलं.

काकू नंदीजवळ तशाच उभ्या होत्या, लाल चेहऱ्याने. इतकी वर्षं लपवलेलं नवऱ्याने एका दमात गावाला सांगून टाकलं होतं. मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात नत्थूजी पुढे आले.

"वयनी," ते म्हणाले, "मघाशी ओयखलं होतं म्या."

"मंग सांगतलं काऊन नाई, भाऊजी?"

"तोंड फिरवेल हाय ना त्याचं." नत्थूजींनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "अन तवा बी ओयखलं होतं. रोज बंडी घेऊन त्याच रस्त्यानं जात होतो. मीच नाई, समदेच ओयखत. तुमी तिकडं तोंड केलं का आमी इकडं करो."

 काकूंचा हात आपोआप स्वतःच्या मानेमागे गेला.

"म्हंजे म्या मान उगीच दुखवली," त्या म्हणाल्या.